वजनकाटा

आमच्या गेरच्या दाराला कडी होती, ती वाऱ्यासाठी.
माणसांसाठी नव्हती.
बाप उंटांमागे चार-चार दिवस जायचा,
आई आजोळी, मी शाळेच्या वसतिगृहात,
तरी दार नुसतं लोटलेलं.
आत चुलीशी वाळलेल्या शेणाची पाटी,
थर्मासमध्ये खारा चहा,
आणि दह्याच्या वड्या, दगडासारख्या,
दातांनी नव्हे, धीराने खायच्या.
वाटसरूने यावं, खावं, निजावं,
निघताना विस्तव झाकावा
आणि उंबरठ्यावर पाय देऊ नये.
एवढाच कायदा.
कुणी लिहिला नव्हता,
म्हणून पळवाटही नव्हती त्यात.

एकदा परतलो तर थर्मास रिकामा
आणि भिंतीच्या नमद्यात टोचलेली एक सुई,
दोरा ओवलेली.
कोण आलं होतं, कळलं नाही.
त्या सुईने आई सात वर्षं शिवत होती.

मग डोंगराखाली कोळसा निघाला.

बापाने उंट विकले, ट्रक घेतला.
लुव्सानदोर्जने घेतला, त्याच्या मेव्हण्याने घेतला.
गोबीत शेजारी म्हणजे अकरा किलोमीटर,
आता सीमेवरच्या रांगेत सगळे
एकमेकांच्या बंपरला नाक लावून उभे,
तीन तीन दिवस,
आणि कुणी कुणाला चहा विचारत नाही.
चहा विकतात. कपाला दोन हजार.

आमच्याकडे फ्रीज आला.
बाहेर उणे तीस, आणि आत
खास गारठ्यासाठी एक पांढरं कपाट!
आई त्यात चपला ठेवायची, उंदीर पोचत नाहीत म्हणून.
हसू नका. त्या फ्रीजचे पैसे मी दिले.
मी खाणीच्या वजनकाट्यावर बसते.
भरलेला ट्रक येतो, पडद्यावर एक आकडा उमटतो,
वहीत मी दुसरा लिहिते.
दोन आकड्यांमध्ये जे उरतं ते साहेबाचं,
साहेबाच्या बोटांतून जे सांडतं ते माझं.
पहिल्या महिन्यात हात कापायचा.
आता अक्षर सुंदर येतं.

कुलूप बापाने सीमेपलीकडून आणलं,
पितळी, दोन किल्ल्यांचं.
लोक चोर झालेत, म्हणाला.
ट्रकच्या टाकीत तेव्हा कंपनीचं डिझेल होतं.
मी बोलले नाही.
एक किल्ली त्याने मला दिली.

त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं.
आम्ही गावात होतो, लग्नाला,
नवरदेवाकडे दोन जीपगाड्या होत्या
आणि सगळे त्यांच्याच भोवती.
दोन दिवसांनी परतलो.
गेरभोवती बर्फात पावलं.
एक फेरा, दुसरा, तिसरा,
दारापाशी बराच वेळ तुडवलेलं,
कुलपाखाली नखांनी ओरखडलेला रंग,
मग पावलं रस्त्याकडे,
रस्त्यावर वाऱ्याने सगळं सपाट.
बाप खाली बसला. एका ठशावर वीत टेकवली.
वीत उरली.
बाई असेल, म्हणाला. नाहीतर पोर.
आणि हातमोजा घालायचा विसरून
तसाच बसून राहिला.

कुणाची चौकशी आली नाही.
आम्हीही केली नाही.
ट्रक चालू होते, काटा चालू होता.

पुढच्या वादळाआधी बापाने
थर्मास भरला, घोंगडीत गुंडाळला
आणि दाराबाहेर ठेवला.
कुलूप लावलं.
दोनदा ओढून पाहिलं.
आई काहीतरी म्हणणार होती,
पण तिने फक्त घोंगडीचं टोक आत खोचलं.

परतलो तर थर्मास नव्हता. घोंगडी नव्हती.
मी दाराच्या चौकटीवर हात फिरवत राहिले,
काय शोधत होते कुणास ठाऊक,
एखादी सुई वगैरे.

बघ, बाप म्हणाला, सांगत नव्हतो?
आणि खिशातली किल्ली चाचपली.
त्याच्या आवाजात सुटका होती,
ओझं उतरलेल्या उंटाची असते तशी.
मला राग यायला हवा होता.
पण माझा हात आधीच
माझ्या खिशात होता.